खिडकीतलं लाल फडकं

३ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहिणार. चर्चच्या पाळकसाहेबांनी रविवारचा मोठ्यांचा बायबल वर्ग माझ्याकडे सोपवला. विषय मीच सुचवला: ख्रिस्तजन्माआधी लिहिलेल्या जुन्या करारात दडलेला ख्रिस्त. पाळकसाहेब म्हणाले, जपून करा. आनंद लपवायची त्यांची पद्धत असावी.

संकल्प: रोज एक भाकीत शोधायचं. इब्री, म्हणजे हिब्रू, मुळाक्षरं शिकायची, ॲप डाउनलोड केलं आहे. शिवाय दाराबाहेरची घरनंबरची पाटी पडली आहे, ती लावायची. बायको परत आठवण करत होती. दोन स्क्रूचं काम. उद्या.

५ फेब्रुवारी

कमाल आहे! लोक जन्मभर वाचतात आणि त्यांना काही दिसत नाही. नियम किती सोपा. लाकूड दिसलं की वधस्तंभ, पाणी दिसलं की बाप्तिस्मा, लाल दिसलं की रक्त. कडू पाण्यात लाकूड टाकलं, पाणी गोड झालं. झालं की! आणि ती आभाळाला टेकलेली शिडी, देवदूत वर जातात, खाली येतात. मी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करतोय. केबिन वर, समतोलाचं वजन, काउंटरवेट, खाली. हे मला नाही कळणार तर कोणाला?

बायकोला उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, लेकीचा फोन होता, पुन्हा दिवस गेलेत, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. मी म्हटलं, चिंता नको. शास्त्रात ज्यांना मूल होत नव्हतं त्या सगळ्यांना शेवटी मुलगा झाला, आणि प्रत्येक मुलगा ही ख्रिस्ताची छाया, आधीच पडलेली सावली. ती म्हणाली, हे कृपा करून तिला सांगू नका.

सांगणार कसं? लेकीकडे नेटवर्कच नाही. गेलं वर्षभर माझा फोन लागत नाही. तिच्या आईचा लागतो. कंपनी वेगळी असेल.

९ फेब्रुवारी, रविवार

पहिला वर्ग दणक्यात. मागच्या बाकावरचे काका तर डोळे मिटून ऐकत होते. थोडे घोरले, पण भावनेने श्वास जड होतो माणसाचा.

निवृत्त नर्सबाईंनी शंका काढली. ज्यांनी हे लिहिलं त्यांनाही स्वतःचं काही म्हणायचं असेल ना? यहुदी लोक आजही हेच वाचतात, त्यांना लाकूड म्हणजे लाकूडच वाटत असेल. मी म्हटलं, बाई, ते पोस्टमन. पत्र आपल्या नावाचं. त्यांनी बायबल मिटून पिशवीत ठेवलं. पटलं.

१३ फेब्रुवारी

एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत एक बाई. ब्रेक मोकळा करून चाक हाताने फिरवायचं, केबिन खाली घ्यायची, दार उघडायचं. पण अंधारात कोंडलेला जीव! माशाच्या पोटातला तो संदेष्टा! थडग्यातला प्रभू! आधी दाराच्या फटीतून बाईंना समजावलं की त्या कशाची छाया आहेत. त्या रडायला लागल्या. शब्दात सामर्थ्य असतं.

सुपरवायझरने लेखी खुलासा मागितला आहे. संदेष्ट्यांचा छळ ठरलेलाच.

इब्री: तीन अक्षरं झाली, एक विसरलो. कुरिअरवाला पुन्हा भलत्याच दारात गेला. गल्लीतली घरंच मेली एकसारखी. पाटी रविवारनंतर नक्की.

१८ फेब्रुवारी

बायको म्हणाली, दोघं लेकीकडे जाऊ, थोडे दिवस राहू. मी म्हटलं, वर्ग ऐन रंगात आलाय. मग तिने विचारलं, गेल्या वर्षी तिचं बाळ गेलं तेव्हा तुम्ही फोनवर काय बोललात, आठवतं का?

न आठवायला काय झालं? बापाने देवाला बळी द्यायला एकुलता एक मुलगा वेदीवर ठेवला तो प्रसंग सांगितला. म्हटलं, तुझं दुःखही छायाच आहे पोरी, पूर्ती पुढे आहे. इतकं सुंदर मी परत कधी बोललो नाही. लेक सगळं शांतपणे ऐकत होती.

बायको म्हणाली, ऐकत नव्हती. फोन पलंगावर ठेवून ती दुसऱ्या खोलीत गेली होती.

असं कसं होईल? मध्ये आवाज तुटला असणार. जेवण मात्र गेलं नाही. ॲसिडिटी.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळ

 कामावरून आलो, तर आमच्या खिडकीच्या गजाला लाल फडकं! माझ्याच टूलबॉक्समधलं, बंद लिफ्टच्या दाराला आम्ही बांधतो ते. उद्याच्या वर्गाचा विषय काय? हेरांना आसरा देणाऱ्या, गावाच्या तटावरच्या त्या बाईने खिडकीत लाल दोरी बांधली आणि तिचं घर वाचलं! मी घरी अवाक्षर काढलं नव्हतं. हिला कोणी सुचवलं?

विचारलं, तर म्हणाली, सकाळी कळेल. चादरींच्या घड्या घालत होती. खोलीभर खोकी. घर आवरायला काढलंय. शुद्धीकरण, दुसरं काय! चार दिवस छातीत काहीतरी टोचत होतं, ते थांबलं. घर वाचलं आपलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

वर्गात बायकोच्या विश्वासाची साक्ष दिली. नर्सबाईंनी डोळे पुसले.

घरी आलो तर दारात टेम्पो. आत तिचं शिलाई मशीन, तिचं कपाट, खोकी. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, पाटी नाही हो तुमच्या घराला. ताईंनी सांगितलं होतं, लाल फडकं बघा. लगेच सापडलं.

लेकीकडे चालली होती. परत कधी, विचारलं. म्हणाली, बाळ नीट होऊ दे, मग बघू. मी म्हटलं, पुढच्या रविवारचा वर्ग झाला की मीही येतो. ती म्हणाली, तुम्हाला तिने बोलावलेलं नाही. शर्ट धुवून ठेवलेत. गॅस बघून बंद करा.

२६ फेब्रुवारी

कामावर गेलो नाही. वर्ग सोडत असल्याचं पाळकसाहेबांना कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

मी नेहमी दोरीपाशीच थांबायचो. आज पुढची पानं वाचली. ज्यांना बाहेर काढायचं त्यांचं घर ओळखू यावं म्हणून ती दोरी होती. त्या बाईला आणि तिच्या माणसांना बाहेर काढलं. मागे राहिलेलं गाव सैन्याने जाळलं. यात ख्रिस्त कुठे, ते बराच वेळ शोधलं. दिसेना. मी कुठे, ते लगेच दिसलं.

घर फार मोठं वाटतंय. फडकं काढलेलं नाही.

पाटी लावली. खरंच दोनच स्क्रू.

मग लेकीला फोन लावला. रिंग छान स्पष्ट वाजत होती. बराच वेळ वाजली. मग कोणीतरी कट केला.

नेटवर्क आहे.