फोटो काढणारा

प्रिय तेजू,

मेसेज न करता कागदावर लिहितेय, कारण तुझा मोबाईल दिवसभर आईंच्याच हातात असतो. माझे फोटो बघायला. शेजारचा धवल उद्या नांदेडला निघालाय, त्याच्या हाती पाठवतेय. एकटी असशील तेव्हाच वाच.

टूरवरून इथे घरी, ट्रुगानिनात परत येऊन नऊ दिवस झाले, पण मी घरात टेकलेली नाही. शिफ्ट संपली की बूट न काढता तशीच चालायला निघते. इथे फुटपाथवर चिटपाखरू नसतं. माणसं गाडीतून गॅरेजमध्ये आणि गॅरेजमधून घरात. क्षितिजा म्हणते, मम्मी, टूर संपली, सिट डाऊन. पण बसलं की तेच सुरू होतं. तुझा भाऊ, माझा अर्जुन, जाऊन आठ महिने झाले आणि तुझ्या घरात बसलेल्या त्याच्या आईला अजून ते माहीत नाही.

पंधरा दिवसांपुरतंच ठरलं होतं ना आपलं? त्याच आठवड्यात आईंची बायपास झालेली, डॉक्टर म्हणाले धक्का नको, आणि आपण दोघींनी सांगून टाकलं, साईटवर आहे, रेंज नाही. पंधराचे तीस झाले, तिसाचे आठ महिने; त्यांनी फोनवर मागितला की कधी ड्युटीवर, कधी झोपलाय. इथल्या विहारात त्याचं पुण्यानुमोदन झालं, ते तू बाथरूमची कडी लावून मोबाईलवर बघितलंस.

ही ट्रिप त्याचीच. पॅरिस-बिरिस सगळेच बघतात, आपण कोणी जात नाही त्या राजधान्या पायी बघू, हे त्याचं वेड. तिराना, स्कोप्ये, पोडगोरिका. प्रत्येक गावचा गाईड त्यानेच हुडकून ठेवला होता. गेले मी एकटी, आणि आईंना सांगितलं, दोघं गेलोय. अर्जुन फोटोत का नाही? तोच तर काढतोय! तिरानात रंगीबेरंगी इमारतींपुढे माझा फोटो तिथल्या गाईडने काढला, स्कोप्येच्या दगडी पुलावर दुसऱ्याने. मी मात्र समोर अर्जुनच उभा असल्यासारखी हसले. तेजू, लिहायला लाज वाटते, पण तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

पोडगोरिकात गाईड मिलेना होती, साठीची, भराभर चालणारी. जुन्या वस्तीत खांबांवर, भिंतींवर माणसांचे फोटो छापलेले कागद. मी पडले नांदेडची सून. विचारलं, इतक्या पुढाऱ्यांचे वाढदिवस एकदम कसे? आपल्या चौकातले फ्लेक्स डोळ्यांपुढे. मिलेना म्हणाली, हे सगळे गेलेले लोक आहेत. माणूस गेला की घरचे कागद छापून गल्लीत लावतात, अंत्यविधी कधी, मागे कोण कोण. कोणाला कळलं नाही असं राहू नये म्हणून. एका तरुण माणसाच्या कागदावर बोट ठेवून तिने मागे राहिलेल्यांची नावं वाचून दाखवली. पहिलं नाव आईचं होतं. अर्जुनच्या कागदावर पहिलं नाव आईंचं, सोजरबाईंचं आलं असतं. मी तिथेच कुणाच्या तरी पायरीवर बसले आणि रडले.

परवा व्हिडिओ कॉलवर तू चहा ठेवायला उठलीस, तेव्हा आई मला म्हणाल्या, अर्जुन फोटो छान काढायला लागलाय गं, पूर्वी सगळ्यांची डोकी उडवायचा. आणि हसल्या. मीही हसले.

म्हणून हे पत्र. एकवीस तारखेचं तिकीट काढलंय, क्षितिजाही येतेय. आईंना मी सांगणार आहे, मला अडवू नकोस. त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेव, पण त्या परवा दोन जिने चढून गेल्या हे तूच सांगितलंस. शिव्या देतील, घराबाहेर हो म्हणतील, मी ऐकून घेईन. वर्षाच्या पुण्यानुमोदनाला अर्जुनची आई समोर बसलेली हवी. आठ महिने मी त्यांच्या वाटणीचं रडणंसुद्धा दाबून बसलेय. ते त्यांचं त्यांना द्यायला येतेय.

तुझीच,
करुणावहिनी