दहा लाख नऊ

४ जाने., लोणंद
अण्णांना, माझ्या वडिलांना, सांगलीला माझ्याकडे न्यायला आले. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात आता थांबू नका. सांगलीत १३ तारीख ठरली. अण्णांचं उत्तर : "आदी आकडा, मग डोळा."
आकडा म्हणजे १०,००,००९. तोफखान्यातले त्यांचे जोडीदार तातोबा शिराळ्याहून सांगतात, ही मूळ संख्या, कशानंच फुटत न्हाई. अण्णा म्हणतात फुटते. चाळीस वर्षांचं भांडण. हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी एकेक करून भागायचं. हातानं. मोबाईलचं नाव काढलं तर जेवण बंद.
स्वयंपाकघरात जाऊन मोबाईलवर पाहिलंच. २९३ गुणिले ३४१३. फुटते! अण्णा बरोबर. गप्प बसले. त्यांचं त्यांना सापडू दे.

६ जाने., विश्रामबाग, सांगली
जेवणाच्या टेबलावर जुन्या कॅलेंडरांच्या कोऱ्या पाठी, त्यांवर भागाकार. माझ्या पुस्तकाची प्रुफं फ्रिजवर. ताटं मांडीवर.
"अण्णा, जेवा."
"दोनशे अकरा हुंदे."
तातोबांचा फोन. "फुटला का रं गड्या?"
"फुटंल की! तुजं टाळकं हाय व्हय ते, न फुटाय?"

८ जाने.
आज २९३ येणार म्हणून सकाळीच शिरा केला. अण्णांनी कागदावर लिहिलं : बाकी २८५. आणि ३०७ घेतला.
"आज शिरा कशाचा गं?"
"असाच."
डोकं आपटावं वाटलं.

९ जाने.
ते दुपारी झोपल्यावर २९३ चा कागद पाहिला. शेवटची पायरी ८७९. बरोब्बर तीनदा जातो, बाकी शून्य. अण्णांना ९ चा १ दिसला. ८७१, दोनदा, बाकी २८५. डोकं शाबूत आहे, डोळ्यानं दगा दिला.
सांगितलं तर सगळेच कागद खोटे वाटतील त्यांना. नाही सांगितलं तर ९९७ ला पोचून तातोबांपुढे हार मानतील, जिंकलेला माणूस. आणि ऑपरेशन तोवर...

१० जाने.
ओरडले शेवटी. "आकडा काय पळून जातोय का, अण्णा?"
"आकडा न्हाई पळत. डोळा उगडलाच न्हाई तर? मग कोण भागणार?"
इतके दिवस मी आकड्यावर चिडत होते. भाजी करपली.

१२ जाने.
उद्या सकाळी आठला दवाखाना. अण्णा अजून जातो म्हणालेले नाहीत.
४०१ वर पेन्सिल ठेवली त्यांनी. "सुमे, माजंच आकडं मला वाचंनात. मागचं तरी बरुबर असतील का गं?"
मी कागद गोळा करून पुढ्यात घेतले.
"तू वाच. मी तोंडी भागतो. कुटनं घिऊ?"
"दोनशे त्र्याऐंशीपासून." २९३ च्या लगेच आधीची मूळ संख्या.
"तितनंच का?"
चहा उतू जातोय म्हणत आत गेले. चहा ठेवलाच नव्हता.
परत आले. २८३, बाकी १७०. आधीही हीच होती. अण्णा त्या धुरकट डोळ्यांनी माझ्याकडे बघत राहिले.
"हं. म्होरला सांग."