पती हयात : होय

३ नोव्हेंबर

एकतीस वर्षं कारखान्याच्या ऑफिसात काढली आणि आज तिथंच स्टुलावर बसून वाट बघितली. खुर्ची कोणी दिली नाही. निवृत्त होऊन तीन दिवस झालेत फक्त!

पेन्शनचं काम बघणारा क्लार्क राम. त्यानं कागद पुढे सरकवला. फंडातले एक तृतीयांश रोख मिळणार, उरलेल्याची पेन्शन घ्यावीच लागते. ती कशी घ्यायची ते मी ठरवायचं. पहिला पर्याय – मी आहे तोवर मला, नंतर कोणालाच काही नाही. यात दरमहा सगळ्यात जास्त मिळतात. दुसरा – पेन्शन कमी, पण माझ्यामागे मूळ रक्कम वारसाला. तिसरा – माझ्यामागे पतीला, तहहयात.

"सगळ्या बायका तिसराच घेतात मॅडम. मी टिक करून ठेवलीय."

"कुणाला विचारून?"

"पती हयात आहेत ना? रेकॉर्डला तसं आहे."

हयात! कारखान्याच्याच शेवगाव गट ऑफिसातून जूनमध्ये निवृत्त झाला, आणि विजयमालाच्या घरी, तिच्या हातचं गरम गरम जेवत हयात आहे शलमोन. सव्वीस वर्षं!

टिक एवढ्या जोरात खोडली की कागद फाटला. कोरा घेऊन घरी आले. सही करण्याआधी वाचायचं, हे कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलं. बाकी बरंचसं विसरले.

५ नोव्हेंबर

धाकटा भाऊ नोहा केळी घेऊन आला. म्हणजे काम असणार.

"अक्का, दुसरा पर्याय घे. आराधनाचं नाव घाल. तुझीच मुलगी ती."

माझ्या या मुलीचा शेवटचा फोन ईस्टरला आला होता.

"आणि मला दरमहा कमी येतील त्याचं काय?"

"तुला एकटीला लागतं किती?"

एकटीला! एकटी बाई लाईट लावत नाही, तिच्या दाढा दुखत नाहीत, तिच्या घराचं छत गळत नाही. केळी परत दिली. त्यानं नेलीसुद्धा!

६ नोव्हेंबर

पहिला पर्याय. ठरलं. माझ्या मरणाकडे कोणी डोळे लावून बसायला नको.

९ नोव्हेंबर, रविवार

उपासनेहून आले तर पायरीवर विजयमाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळून बघितली. माझ्याहून थकलेली दिसते. आत घेतली. पाणी दिलं. चहा नाही.

"ताई, तुमच्यातलं मला काय नको. पन त्यांच्यामागं माझं काय? ते म्हनतात, पेन्शनला लग्नाचीच बायको लागती. तुमी सोडचिठ्ठी देत न्हाई म्हनून माझं नाव घालता येईना. कागद तसाच थांबलाय."

म्हणजे आडवी आले मी!

"सव्वीस वर्षं लग्नावाचून चाललं. आता पेन्शनला लग्न हवं?"

"व्हय. आता हवं. गुडघे गेलेत माझे. लोकांच्या रानात खुरपायला जायचे ते बंद झालं."

इतकं सरळ उत्तर येईल असं वाटलं नव्हतं.

मोबाईल नंबर देऊन गेली. गेट उघडताना गुडघा धरला. नाटक नव्हतं ते.

११ नोव्हेंबर

झोप नाही. वचन मोडलं त्यानं, मी नाही – पाळकसाहेबांना हेच सांगत आले. त्यांना न सांगितलेलं इथं लिहिते. नावाआधी 'मिसेस' ठेवलं ते तिला लावता येऊ नये म्हणून.

पण म्हातारपणी तिनं उपाशी राहावं, एवढी वाईट मी नाही. असेनही. मात्र "ती सोडत नाही" म्हणायची सोय शलमोनला आता ठेवणार नाही!

१४ नोव्हेंबर

वकिलाकडे गेले. दोघांच्या संमतीनं घटस्फोटाचा अर्ज. इंग्रजीत तीन चुका! दुरुस्त करायला लावल्या, मग सही केली. आता त्याची सही झाली की कोर्टात. घरी येऊन दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१८ नोव्हेंबर

माझा फॉर्म दिला.

"बघा हं मॅडम, एकदा पेन्शन सुरू झाली की पर्याय बदलत नाही."

"बघितलंय. आणि शलमोनरावांचा कागद अजून थोडा थांबव. त्यांना नाव घालायचंय."

रामनं कॉम्प्युटरवर नाव काढलं. "कुठला कागद? त्यांची पेन्शन जुलैपासून चालूय. त्यांनीपण हाच घेतला, पहिला. 'ज्यात जास्त पडतात तो दे, मला मागं कोण आहे?' म्हणाले."

मला मागं कोण आहे!

माझ्यावर अवलंबून खरंच कोणी नाही. त्याच्यामागे एक बाई खुरपून खुरपून गुडघे घालवून बसली आहे. कोणाचंच नाव घातलं नाही त्यानं! आणि तिला सांगतो की मी आडवी येते. सव्वीस वर्षांपूर्वीसुद्धा एवढा राग आला नव्हता.

कारखान्याच्या गेटवरूनच विजयमालाला फोन लावला. सगळं सांगितलं. बदलता येत नाही, हेही.

मग म्हणाली, "जेवायला बसलेत. वाढते."

२० नोव्हेंबर

सकाळी विजयमालाचा फोन. "ताई, ते सोडचिठ्ठीचे कागद फाडा. मला नको लग्न. तुमचा मानूस तुमालाच. तुमच्या नगरच्या गाडीत बसवून दिलाय. बीपीच्या गोळ्या पिशवीत वरच हायेत."