सनदच्या टेबलावरचा चिखल

अम्मी, अब्बांनी जेवणाच्या टेबलावर पुन्हा लढाई मांडलीय. तेच टेबल, तेच रणगाडे, तीच हंगेरी. तुझ्यामागं तो खोका माझ्या कपाटावर धूळ खात पडला होता आणि मला वाटलं होतं, आपल्या घरातलं महायुद्ध एकदाचं मिटलं. आता आम्ही पुन्हा स्वयंपाकघरात खाली दस्तरखान घालून जेवतो. उठताना माझे गुडघे तुझ्यासारखेच कुरकुरतात, आणि घास तोंडात धरून तू अब्बांकडं जशी बघायचीस तशी मी बघते. त्यांना काही फरक पडत नाही. तेव्हाही पडत नव्हता.

ते टेबल आपल्याकडं कसं आलं, हे तू पाहुण्यांना कपाळाला हात लावून सांगायचीस. इथं बहारीनला, सित्र्याच्या तेलकंपनीतला अब्बांचा इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला, आणि जाणारा माणूस सामान वाटून जातो तसं त्यानं वाटलं. कुणाला फ्रिज मिळाला, कुणाला सोफा. अब्बांना टेबल मिळालं आणि टेबलासोबत साहेबाचा खेळ: बोटाएवढे लोखंडी रणगाडे, एक फासा आणि जाड पुठ्ठ्याचा नकाशा. खेळात लढाई एकच. महायुद्ध हरत आलेल्या जर्मनांनी शेवटच्या वसंतात उरलेसुरले रणगाडे गोळा केले आणि हंगेरीत, एक तळं आणि एक नदी यांच्यामधल्या मुलखात, रशियनांवर शेवटची मोठी चढाई केली. तिथल्या तेलविहिरी हातच्या जाऊ नयेत म्हणून ही धडपड. पण बर्फ वितळलं होतं, गाड्या चिखलात रुतल्या, पेट्रोल संपलं आणि कारभार खलास. हे अब्बांच्या जिवाला फार लागलं. दिवसभर टँकरांत पेट्रोल भरणारा माणूस तो, तेलासाठी निघालेल्या गाड्यांना तेल मिळू नये याचं त्यांना रात्रंदिवस वाईट वाटायचं.

तू पहिल्याच शुक्रवारी भाकरी थापता थापता विचारलं होतंस, "अवो, ही जर्मन माणसं चांगली होती का?" अब्बा म्हणाले, छे, एकदम नालायक. "मग हरू देत की." त्यावर अब्बांनी तुला समजावलं की हरणार तर ते आहेतच, हरायलाच हवेत, त्यांना जिंकवायचं नाहीये, फक्त नदीपर्यंत न्यायचंय. तू भाकरी उलटलीस आणि म्हणालीस की नालायकांना आंघोळ घालायला एवढा खटाटोप कशाला. मी तेव्हा शाळेत होते आणि रशियन फौज माझ्याकडं होती, कारण दुसरं कुणी तयारच नव्हतं. नदी म्हणजे माझ्या वेणीची निळी रिबीन. तळं म्हणजे तुझ्या पातेल्याचं झाकण. त्या झाकणासाठी तू जितकी भांडलीस तितके रशियनही लढले नसतील.

साहेबाच्या खेळात चिखलाचा हिशेब फाशावर होता. अब्बांना ते पटेना. चिखल म्हणजे चिखल हवा, असं म्हणून त्यांनी खजुराच्या बागेतली माती आणली, तुझ्या केकच्या ट्रेमध्ये पसरली, भिजवली, रणगाडे तिच्यात उभे केले आणि नियम केला: दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून आल्यावर मातीत बोट घालायचं. माती बोटाला चिकटली तर चढाई बंद. कोरडी निघाली तर फासा टाकून रणगाडे पुढं. बहारीनच्या उन्हात, वर एसी चालू, ट्रेभर माती वाळायला कितीसा वेळ लागावा? पण ती वाळायचीच नाही. अब्बा बोट वर धरून सगळ्यांना चिखल दाखवायचे आणि म्हणायचे, ही इथली हवा, दमट. मग सगळे जेवायला बसायचे. एकदा मी गंमत म्हणून मातीत बोट घालायला गेले तर तू मागून असा धपाटा घातलास की हातातली रशियन तोफ खाली पडली. बापाच्या लढाईला हात लावायचा नाही, म्हणालीस. मला वाटलं, चला, अम्मीही वेडी झाली.

आणि गावचा फोन आला की तू रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून सांगायचीस, माझा जीव इथं रमत नाही हो, पण यांचं आटपायला हवं ना. अब्बांनी सगळ्या रत्नागिरीला शब्द देऊन ठेवला होता: रणगाडे नदीला लागले की कायमचं परत. लोक पुढच्या वर्षी येतो म्हणतात, हा माणूस हंगेरीचं नाव सांगायचा, आणि गावात कुणाला हंगेरी कुठं हे माहीत नसल्यानं वाद घालता यायचा नाही. फोन ठेवून तू खाली भाजी घ्यायला जायचीस, आणि दोन इमारतींमधल्या समद्या बायांशी गप्पा मारून दुपार टळल्यावर वर यायचीस. गावात सासू, चार जावा आणि एक चूल होती. इथं चूल तुझी एकटीची होती.

मग तू सलमानियाच्या हॉस्पिटलात गेलीस ती परत आली नाहीस. अब्बांनी खोका बांधला आणि टेबल घेऊन ते माझ्याकडं सनदला राहायला आले. इतकी वर्षं बरं चाललं होतं. पण हल्ली गावाहून चाचांचे फोन फार वाढलेत. लेकीच्या घरी किती दिवस राहणार, जावयाचं मीठ किती खाणार, घर उघडून ठेवतो, ये. जावई बिचारा शिफ्टवरून येऊन अब्बांसोबत क्रिकेट बघतो, मिठाचा हिशेब त्याच्या डोक्यातही नाही. पण अब्बांना ते लागलं. गावचं घर बंद, चाचा राहतात दुसऱ्या टोकाला, अब्बांना चहासुद्धा धड करता येत नाही, आणि त्या घरात ते एकटे राहणार. राहा म्हणून तोंडावर सांगायची आपल्या घरात पद्धत नाही, हे तुला माहीतच आहे. एका फोनवर अब्बा म्हणाले, इंशाल्ला, नदी गाठली की येतो. त्याच दुपारी त्यांनी खोका उतरवला.

मी निश्चिंत होते. ही माती कधी वाळत नाही, असं समजून होते. आणि पहिल्याच शुक्रवारी बोट कोरडं निघालं. रशियन फौज आता माझ्या मुलीकडं आहे, ती सोफ्यावर आडवी पडून मोबाइल बघत फासा टाकते. "नाना, इट्स ड्राय, यू कॅन गो," म्हणाली, आणि जे रणगाडे माझ्या शाळेच्या सगळ्या वर्षांत वीतभर हलले नव्हते ते भरधाव सुटले. पुढच्या शुक्रवारी पुन्हा कोरडं. रिबीन आता हाताच्या अंतरावर आली. चाचांनी घराला चुना लावायला माणूस सांगितला. अब्बा काही जिंकत असल्यासारखे दिसत नव्हते. मी न राहवून म्हणाले की अम्मीच्या वेळी ही माती कधी वाळायची नाही.

अब्बा रणगाडा पुसत होते. वर न बघता म्हणाले, "वाळंल कशी? मी नमाजला गेलो की तुझी आई इस्त्रीच्या बाटलीनं पाणी मारायची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"टेबलावर ओघळ यायचे की. लाकूड चांगलं, डाग पडंल म्हणून मीच पुसायचो."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तिकीट काढावं लागलं असतं," अब्बा म्हणाले, आणि रणगाडा जागेवर ठेवला.

अम्मी, मी स्वयंपाकघरात जाऊन आधी हसले आणि मग रडले. तुम्ही दोघांनी मिळून एक अख्खी फौज इतकी वर्षं चिखलात उभी ठेवली आणि एकमेकांना कळू दिलं नाही. मला वाटलं, म्हातारा माणूस आठवण सांगतोय. ते आठवण सांगत नव्हते, बाटलीचा पत्ता सांगत होते. हे मला कळायला आणखी एक शुक्रवार गेला, तोवर रणगाडे रिबिनीला टेकायचेच बाकी होते, आणि माझ्याकडं बघून अब्बांनी असा सुस्कारा टाकला की जणू मी नापासच झालेय.

काल शुक्रवार. अब्बा नमाजला गेले, तशी मी इस्त्रीच्या टेबलावरची बाटली उचलली. बाटली अर्धी रिकामी होती. ट्रेपाशी आले तर माती काळीशार, ओली, आणि टेबलाच्या कडेला एक ओघळ. त्यांना तो पुसायची आठवण राहिली नव्हती. मी तो ओढणीच्या टोकानं पुसला.

अब्बा आले, टोपी काढून ठेवली, आणि त्यांनी मातीत बोट घातलं. बोट पार पेरापर्यंत आत गेलं. पुढचे दोन रणगाडे तिरके होऊन बुडायच्या बेतात होते. "एवढं कसं..." एवढं अर्धंच बोलले. मग चिखलाचं बोट आम्हाला दाखवून म्हणाले, ही इथली हवा, दमट, आज मफी, चढाई बंद. मुलगी म्हणाली, नाना, एसी चालू आहे. कुणी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. अब्बांनी जेवायला दोन भाकऱ्या जास्त घेतल्या आणि संध्याकाळी चाचांना फोन करून चुनेवाल्याला थांबवलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये. घडी करून केकच्या ट्रेखाली ठेवणार आहे, लाकडाला डाग पडू नये म्हणून. फक्त एक सांगायचं राहिलं. माती ओली आहे हे मला दिसत होतं. तरीही मी उरलेली बाटली तिच्यावर रिकामी केली.