उरलेल्या महासागराचं डिझेल

हापाई, टोंगा
३ मार्च

चि. सेमिसीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सौर पॅनेलला पैसे देणाऱ्या निधीवाल्यांनी तुमच्या ऑफिसचा इंधनाचा अहवाल दाखवला. त्यात आम्ही माणशी वर्षाला नऊ पिंपं डिझेल जाळतो. अरे, वीजघर मी चालवते! रोज सकाळी टाकीत काठी बुडवून मोजते. संध्याकाळी चार तास दिवे, बस. मग नऊ पिंपं आम्ही पितो की अंगाला चोळतो? तुम्ही आधीच उधळे, असं म्हणून त्यांनी सौर पॅनेलचा अर्ज फेटाळला. दवाखान्यातला लसींचा फ्रीज दिवसा बंद असतो. तान्ही पोरं लस टोचायला बोटीने दुसऱ्या बेटावर न्यावी लागतात. हा आकडा कोणाच्या डोक्यातून निघाला, ते कळव.

तुझ्यावर माया आहे, तूर्तास रागच जास्त.
लेसिएली

कॅनबेरा
१९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

डोकं माझंच. जगात विकलेलं आणि जाळलेलं इंधन सारखं आलं नाही, तर आमचं मॉडेल चालतच नाही. शेवटी थोडं डिझेल उरलं. परदेशी मासेमारी जहाजं तुमच्या बंदरात भरून घेतात, ते. मी ते ‘उरलेला महासागर’ या ओळीत टाकलं. छोटे देश आम्ही तिथेच कोंबतो, म्हणून ते तुमच्या माणशी वाटलं गेलं. साहेब म्हणाले, तिकडे कोण बघतंय. आता छापून झालंय गं.

जूनमध्ये लेकीचा पहिला वाढदिवस गावी करतोय. आत्याने बसायची मानाची चटई अर्थात तुझी.

राग ओसरला की लिही.
सेमिसी

हापाई
२ एप्रिल

चि. सेमिसीस आशीर्वाद.

बघणारी मी आहे ना! आकडा सुधारेपर्यंत त्या चटईवर मी बसणार नाही. आत्याची चटई रिकामी ठेवून वाढदिवस कर, आणि मग गावात तोंड दाखव. आपल्याकडे पहिलं डुक्कर आत्यापुढे ठेवतात. तुमच्या पंगतीत छोट्यांना खरकटं वाढतात वाटतं!

लेसिएली

कॅनबेरा
६ मे

ती. ताईस सा. न.

ते डिझेल मी जहाजांच्या मालक देशांना वाटून साहेबांना दाखवलं. थोडं ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलं आणि साहेबांना एकदम आठवलं, की घाई बरी नव्हे. तुमच्या डोक्यावर चढवायला एक दुपार पुरली होती. उतरवायला समिती नेमलीय, दीड वर्षाची. मी अहवालावरची सही मागे घेतली. तेव्हापासून मला ग्रंथालयात बसवलंय.

आता तरी बसशील ना?
सेमिसी

हापाई
२० मे

चि. सेमिसीस अनेक आशीर्वाद.

बसेन. सही मागे घेतलीस, फार अभिमान वाटला; लगेच फुगू नकोस. दोन डुकरं बांधून ठेवलीत, चटई उन्हात टाकलीय. एवढंच कर, लेकीच्या लसी तिकडेच टोचून आण. तुमची समिती बसलीय, आणि इथला फ्रीज अजून चारच तास चालतो.

वाट बघतेय.
तुझी ताई