बर्चची लापशी

प्रिय आउश्रिने,

उषेचं नाव मिरवत दहा-दहा वाजेपर्यंत लोळणारी माझी एकुलती एक बहीण आता आयर्लंडच्या मासळी कारखान्यात पहाटे चारला हजर असते हे कळल्यापासून निरुक्तावरचा माझा विश्वास पुन्हा बसला आहे. नाव कधीतरी आपलं काम करून घेतंच. हे पत्र झिता आणून देईल. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणारी परिचारिका, बुधवारी डब्लिनला कामावर परत निघाली आहे. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मला हसवतेस. तीस सेकंदांत आपण कुणाची तरी नक्कल करायला लागतो आणि सांगायचं ते राहून जातं. या वेळी ते राहून चालणार नाही. स्मिल्ते माझ्याकडे आहे हे तुला ठाऊक आहेच, पण ‘मामाकडे चार दिवस विल्न्यूस बघायला’ हे जे मी तुला सांगितलं ते अर्धंच खरं होतं. बाबांचा हुकूम आहे की रविवारी संध्याकाळपर्यंत तिला गावी पोचवायचं. मी पोचवणार नाही. एवढं वाचून झालं असेल तर खाली बस, मग पुढचं वाच.

बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला तू आली नाहीस, त्यामुळे तुझी बरीच करमणूक हुकली. अर्धं गाव लोटलं होतं. रश्श्यात थिजवलेलं मांस, हेरिंग मासे, बटाट्याचा भाजलेला केक, शेजारीण वाल्या हिने आणलेला पुरुषभर उंचीचा, झाडासारखा शाकोतिस केक, त्याच्या फांद्या मोडून मोडून सगळे खात होते. सगळे बाबांचे माजी विद्यार्थी. एकेक जण पेला घेऊन उभा राहायचा आणि साहेबांच्या पट्टीमुळे आपलं आयुष्य कसं सरळ झालं ते सांगायचा. सध्याचा पोलीसप्रमुख म्हणाला, “साहेब, तुम्ही माझे कान ओढले नसते तर ही टोपी कशावर टिकली असती?” लोक टेबल बडवून हसले. औषधाच्या दुकानवाली ओना ओरडली, “अरे, तुझं कानावर भागलं होय! आमच्या वर्गाला तर लापशी मिळायची, बर्चची, गरमागरम!” आणि सगळ्यांनी पेले उंचावले, “बर्चच्या लापशीच्या नावाने!” मीही उंचावला. ही भाषा माझी आहे, हा शब्द मी आईच्या मांडीवर शिकलो, आणि उघड्या अंगावर बर्चच्या छड्या ओढण्याला ती इतक्या प्रेमाने खाण्याचं नाव देते की जिभेला पाणी सुटावं. मी हसलो. कदाचित सगळ्यात मोठ्याने मीच हसलो.

मग ओनाने लाडात येऊन स्मिल्तेची हनुवटी धरली. “आणि काय गं आयरिश राजकन्ये, तुला देतात की नाही आजोबा लापशी?” स्मिल्तेने केकचा घास नीट गिळला (तोंडात घास असताना बोललेलं बाबांना चालत नाही) आणि म्हणाली, “हो. शनिवारी, न्हाणीनंतर. ओल्या अंगावर कमी मारून भागतं, असं आजोबा म्हणतात.” आवाजात तक्रार नव्हती. बसची वेळ सांगावी तसं सांगितलं तिने. टेबलाभोवतीच्या नजरा एकदम ताटांकडे वळल्या. मग पोलीसप्रमुख म्हणाला, “वा! अजून भौतिकशास्त्र पक्कं आहे साहेबांचं!” आणि सुटका झाल्यासारखे सगळे पुन्हा हसले. वाल्याने विचारलं, कॉफी कोणाकोणाला? अठ्ठावीस माणसं होती गं. दोन शिक्षिका, एक परिचारिका, एक पोलीसप्रमुख आणि एक संस्कृतचा प्राध्यापक. कायद्याने हे बंद होऊन कितीतरी वर्षं झाली, आणि ज्याने तो राबवायचा तो माणूस मिशीला लागलेली साय पुसत होता. मला तेव्हा शिसारी आली. आधी त्यांची, आणि लगोलग स्वतःची, कारण माझा पेला अजून हातातच होता.

मी निघालो तेव्हा मला फाटकापर्यंत सोडायला स्मिल्ते बूट चढवू लागली, वाकली, आणि मोजे खाली घसरले. पोटऱ्यांवर आडव्या रेघा होत्या, काही जांभळ्या, काही पिवळ्या पडत चाललेल्या. बाबा मागेच उभे होते. म्हणाले, “न्हाणीतली जुडी जरा जोरात लागली.” वाफेच्या न्हाणीत आपण जन्मभर एकमेकांना बर्चच्या जुडीने झोडपत आलो, आउश्रिने. पानांच्या जुडीने अंग लाल होतं आणि तासाभरात निवळतं. पानं झडलेल्या काड्यांनीच अशा रेघा उठतात. हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे बाबांना माहीत होतं, तरी आम्ही दोघं सुशिक्षित माणसांसारखे एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मी म्हणालो, तिला चार दिवस विद्यापीठ दाखवतो. ते म्हणाले, “दाखव. जरा व्याकरण सुधारलं तर बरंच.”

अपराध काय म्हणशील तर विभक्ती. तू तिला मायभाषा विसरू नये म्हणून आजोबांकडे धाडलंस, आणि आजोबांनी ते काम अंगावर घेतलं. आठवडाभरात जितके प्रत्यय चुकतील तितक्या काड्या, शनिवारी. मी पोटासाठी विभक्त्या शिकवतो. आपल्या सात आणि संस्कृतच्या आठ, त्यांची तुलना करून मी तीन परिषदांचं जेवण जेवलो आहे. दर सप्टेंबरला पहिल्या तासाला माझा एक ठरलेला विनोद असतो: आपलं बेर्झास आणि संस्कृतातलं भूर्ज हे एकच झाड, फरक इतकाच की तिकडच्यांनी त्याच्या सालीवर ग्रंथ लिहिले आणि आपल्या आजोबांनी त्याच्या काड्यांनी विद्यार्थ्यांवरच लिहिलं. तेवीस वर्षं हमखास हशा. तुलाही तो आवडायचा, तू तो माझ्या लग्नात सांगितला होतास. परवा वर्गात तोंड उघडलं आणि मला पुढचा शब्द सुचेना. पोरं समजली की सरांना बरं नाही. त्यांचं बरोबरच होतं.

इथे आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दूध मागितलं. षष्ठी हवी तिथे द्वितीया आली. तुझ्या-माझ्या लक्षातही आलं नसतं इतकी बारीक चूक. तिच्या मात्र आली. तिने कप खाली ठेवला, खुर्ची आत सरकवली, उठून माझ्याकडे पाठ केली आणि स्वेटर कमरेच्या वर धरून उभी राहिली. मला कळायला थोडा वेळ लागला की ती वाट बघते आहे. मी म्हणालो, “स्मिल्ते, बस. दूध पी.” तर मान न वळवता म्हणाली, “मामा, शनिवारपर्यंत नको ठेवूस. साठलं की जास्त लागतं.” आउश्रिने, ती नऊ वर्षांची आहे. मी दूध ओतलं ते अर्धं टेबलावर सांडलं, आणि तेही पुसायला तीच धावली.

मी बाबांना फोन केला. ते म्हणाले, “कायदा विल्न्यूसमध्ये असतो, पोरा. माझ्या अंगणात ती माझी नात असते.” मी ओरडलो, आयुष्यात पहिल्यांदा. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “आणि काड्या कोण तोडून आणायचं रे, आपल्या घरी?” फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.

तू ही गोष्ट दर नाताळला सांगतेस. कसा मी बारा वर्षांचा असताना कुंपणाबाहेर जाऊन तुझ्यासाठी फुलवाल्यासारखा निवडून निवडून बारीक काड्या आणायचो, कारण मला वाटायचं बारीक म्हणजे कमी लागतं. आणि कसं बारीक काडीनेच कातडी फाटते हे बिचाऱ्या विद्वानाला ठाऊक नव्हतं. सगळे हसतात. तू सर्वांत गोड हसतेस. त्यातलं एक मी तुला कधी सांगितलं नाही. पहिल्या वेळी मला ठाऊक नव्हतं हे खरं. दुसऱ्या वेळी ठाऊक होतं. तुझे पाय मी बघितले होते. तरी बारीकच आणल्या, कारण जाड काडी बघून बाबा म्हणाले असते, ही तर मुलाच्या मापाची आहे, आणि मग माझ्याकडे बघितलं असतं. झाडाखाली उभा राहून मी हे सगळं नीट विचार करून ठरवलं होतं. आणि परत येताना, देवा, मी शीळ घालत होतो. तू त्या गोष्टीत मला भोळा करून ठेवलंस, आणि मी पस्तीस वर्षं त्या भोळेपणाच्या आड बसून शाकोतिस खातो आहे.

आता कशासाठी लिहितो आहे ते सांगतो. मी बालहक्क कार्यालयात जाऊन तक्रार दिली आहे, बाबांच्या नावाने, माझ्या सहीने. स्मिल्तेला डॉक्टरांनी तपासलं. वाइदा नावाची एक तरुण अधिकारी आहे, फार कमी बोलते, तिने स्मिल्तेबरोबर बसून दोन तास चित्रं काढली. काल बाबा इथे आले, जिन्यात उभे राहिले आणि मला त्यांनी फोनवरचा तुझा फेब्रुवारीतला निरोप दाखवला: ‘बाबा, ऐकत नसेल तर आमच्यासारखंच करा. आम्ही माणसं झालोच ना.’ शेवटी तू हसरा चेहरा टाकला आहेस. त्यांना वाटलं हे वाचून मी तक्रार मागे घेईन. मी त्याचा फोटो काढला आणि आज सकाळी वाइदाला दिला. तुला सांगण्याआधी दिला, कारण तुला आधी विचारलं असतं तर तू रडली असतीस आणि मी दिला नसता. शुक्रवारी अकरा वाजता ती तुला फोन करेल. तुला सुटकेची वाट आहे: थट्टेत लिहिलं, बाबांनी भलता अर्थ घेतला, आपल्याकडे सगळेच असं म्हणतात. तिला ते पटेलही, आणि मग स्मिल्ते रविवारी नाही तरी नाताळपर्यंत गावी परत जाईल. म्हणून ती वाट घेऊ नकोस. हो, मी लिहिलं, असं सांग. आपल्या घरात काय चालायचं ते सांग. माझ्याविषयी वर लिहिलंय तेही सांग. आणि मग इकडे ये. माझ्याशी जन्मभर बोलली नाहीस तरी चालेल, मात्र ये. काल रात्रीच्या जेवणाला स्मिल्तेने मला विचारलं, “मामा, आईला माहीत होतं का?” मी तिला उत्तर दिलेलं नाही. आउश्रिने, ते तू द्यायचं आहेस, तिच्यासमोर बसून.

तुझाच,
स्किर्मांतास