दोन्ही टोकांनी शिवलेला झेंडा

बाई, कामावर मी तुम्हाला मिसेस म्हणायचे, पण मनात बाईच म्हणत आले, कारण नॉटिंगहॅमच्या त्या मोज्यांच्या कारखान्यात मला मशीन शिकवलंत ते तुम्ही. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली. पहिल्याच दिवशी चहाच्या सुट्टीत मी विचारलं होतं, "तुम्ही रशियन ना?" तुम्ही कप खाली ठेवलात. "आणि तू पाकिस्तानी ना?" मी घाईघाईने म्हटलं, "नाही नाही, इंडियन. मराठी." "मग मी युक्रेनियन," म्हणालात, आणि सुट्टी संपल्यावर माझे सगळे मोजे उसवून परत शिवायला लावलेत. त्या शनिवारी लायब्ररीत जाऊन मी नकाशा काढला. तुमचा देश सापडेना, सगळीकडे रशियाचा एकच मोठा रंग पसरलेला. तेव्हापासून पेपरात ते नाव दिसलं की मी डिक्शनरी घेऊन बसायचे. इंग्रजी वाचायला मी तशीच शिकले.

पुढे तुमच्या देशात स्वातंत्र्यासाठी माणसं रस्त्यावर उतरली, एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत हात धरून उभी राहिली. इथले तुमचे लोक लंडनला रशियाच्या वकिलातीसमोर उभं राहायला निघाले. तुमची बोटं आखडली होती, म्हणून झेंडा शिवायचं काम माझ्याकडे आलं. निळं वर, पिवळं खाली. असाच झेंडा घरात सापडला म्हणून तुमच्या भावाला नेलं आणि तो परत आला नाही, एवढंच तुम्ही सांगितलंत. मी जीव ओतून शिवला. आपण फुटपाथवर उभ्या आहोत, वारा सुटलाय, तुम्ही काठी घालताय आणि ती जात नाही. बारा वर्षं मोज्यांची टोकं बंद करणाऱ्या माझ्या हातांनी काठीच्या पट्टीचीही दोन्ही टोकं बंद करून टाकली होती. "देवा! झेंडा आहे हा, मोजा नाही! कुणाच्या पायात घालू?" अख्खी रांग हसली. कात्री कुणाकडेच नव्हती. मग वरचा एक कोपरा तुम्ही धरलात, एक मी, चार वाजेपर्यंत. तुमचा कोपरा खाली यायला लागला तेव्हा मी म्हटलं, "सोडा, मी बघते." "तू तुझी बाजू धर."

त्या संध्याकाळी मी वेम्बलीला नणंदेकडे उतरले. दारातच तिने सुरू केलं, "वहिनी, दादाला जाऊन वर्ष झालं नाही आणि तुम्ही परक्यांच्या मोर्चात? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोकांना सांगा, वहिनी मोजे विकत होती." ती हसली नाही. मलाही हसायचं नव्हतं. घरात बसून रडले असते तर कुणी काही विचारलं नसतं, उभी राहिले म्हणून विचारत होती.

हॉस्पिटलात तुम्ही माझं मनगट धरलंत. "झेंडा माझ्याबरोबर पेटीत ठेव. देश तर बघायला मिळत नाही." मी हो म्हटलं. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात तुमच्या राजधानीच्या चौकात कॉलेजातली पोरं तंबू ठोकून उपाशी बसली होती. चर्चच्या दारात तुमच्या पुतण्याने विचारलं, "झेंडा आणलात?" मी म्हटलं, "विसरले." नुकती विधवा झालेली बाई, विसरली असेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं. मी विसरले नव्हते. पुढच्या रविवारी तोच झेंडा घेऊन मी लंडनला उभी होते. माझा कोपरा हातात धरला, तुमचा सेफ्टी पिनने रेलिंगला लावला. रागवायचं तर रागवा. काम संपलेलं नव्हतं आणि मातीत घालायला मी तो शिवला नव्हता. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच करीन.

वर्षभरात तुमचा देश सुटला. लायब्ररीत नवा नकाशा आला, त्यात तुमचा स्वतःचा रंग आहे, मी बोट ठेवून पाहिला. आता तो झेंडा कुणालाच लागत नाही. तुमच्या पुतण्याला देऊन टाकायला हवा होता, तुमच्या कबरीवर तरी ठेवायला हवा होता. नवऱ्याच्या मागे लोक म्हणाले तसं मी त्यांचं सगळं वाटून टाकलं, एक स्वेटरसुद्धा मागे ठेवला नाही. हा मात्र कपाटात आहे. पट्टीची टोकं अजून बंदच आहेत. तुम्ही धरला होतात त्या कोपऱ्यावर तुमच्या मुठीच्या चुण्या पडल्यात, आणि बाकी सगळ्या कापडावरून इस्त्री फिरवते मी, तो कोपरा सोडून.